संग्रहालयातील चित्रकार आणि त्याची भाषा

चित्र टांगले, त्यावर उजेड पाडला, खाली नाव आणि साल लिहिले, की संग्रहालयाचे काम संपले, असे मानण्याचा काळ मागे पडला आहे. आता चित्राबरोबर चित्रकारालाही सभागृहात आणून बसवावे लागते. शेजारी एखादा अभ्यासक असतो, तो प्रश्न विचारतो, श्रोत्यांतून चार हात वर होतात, आणि तास-दीड तासाचे हे संभाषण ध्वनिमुद्रित होऊन संग्रहालयाच्या दप्तरी जमा होते. पुढे त्यातलीच वाक्ये सूचिपुस्तकात उतरतात, भिंतीवरील पाटीवर येतात, परीक्षणांतून फिरतात आणि हळूहळू चित्राचा अर्थ म्हणून रूढ होतात. कलासमीक्षेने या प्रथेची थोडीफार दखल घेतली असली, तरी वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तिच्याकडे भाषिक व्यवहार म्हणून पाहिल्याचे क्वचितच आढळते. वास्तविक चित्रकाराचे हे बोलणे एक प्रकारचे गद्यच आहे. त्याला ठरलेली वळणे आहेत, ठरलेला श्रोता आहे, आणि मुख्य म्हणजे त्याला एक भाषा आहे. ही भाषा कोणाची, हा प्रश्न ज्या ठिकाणी सर्वांत तीव्रतेने उभा राहतो त्यांपैकी एक ठिकाण म्हैसूर जिल्ह्यात आहे.

म्हैसूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर, कोडगूच्या वेशीवर, पिरियापट्टण तालुक्यात बैलकुप्पे आहे. तिबेटातून आलेल्या निर्वासितांसाठी तत्कालीन म्हैसूर राज्याने येथे सुमारे ३००० एकर जमीन दिली आणि १९६०च्या अखेरीपासून येथे वस्ती सुरू झाली. आलेल्यांच्या हाती प्रथम कुऱ्हाडी आल्या, कारण जमीन रानाची होती. मका आला, गालिचे विणण्याचे माग आले, शाळा आली. पेनोर रिंपोछे यांनी १९६३ साली नामड्रोलिंग मठाची स्थापना केली. १९७० साली सेरा आणि १९७२ साली ताशिल्हुन्पो हे तिबेटातील थोर मठ येथे पुन्हा उभे राहिले. १९९९ साली नामड्रोलिंगच्या आवारातील मोठे मंदिर पूर्ण झाले. कोडगूच्या सहलीला निघालेली मराठी कुटुंबे ज्याला ‘गोल्डन टेंपल’ म्हणतात ते हेच. मधोमध शाक्यमुनी, दोहो बाजूंस पद्मसंभव आणि अमितायुस अशा तीन अवाढव्य सुवर्णमूर्ती, आणि भोवतालच्या भिंतींवर दाट, झळझळीत चित्रे. प्रवासी आत येतो, मान वर करतो, छायाचित्र घेतो आणि बाहेरच्या दुकानांकडे वळतो. देवळात शिरून त्याने ते संग्रहालयासारखे पाहिलेले असते. याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या भिंती वाचण्याची विद्या त्याला कोणी दिलेलीच नाही.

या भिंतींवरची आणि थंक्यांवरची चित्रे करणाऱ्याला तिबेटीत ‘ल्हाद्रिपा’ म्हणतात, म्हणजे देव रेखणारा. परंपरेने तो चित्रावर सही करीत नाही. ‘थिग’ नावाचे रेषाजाल तो आधी आखतो. कोणत्या देवतेचे मुख किती मापांचे, खांद्यापासून कोपरापर्यंत किती, आसनाची रुंदी किती, हे सारे त्या जाळ्यात ठरलेले असते. रंग भरले जातात, छाया दिल्या जातात, सोन्याचे काम होते आणि अगदी शेवटी डोळे उघडले जातात. कापडाच्या पाठीमागे मंत्राक्षरे लिहिली जातात. त्यानंतर ‘रबने’ नावाचा विधी होतो. आपल्याकडच्या प्राणप्रतिष्ठेशी त्याचे नाते इतके उघड आहे की ते सांगण्याचीही गरज नाही. या क्रमात चित्रकाराने उभे राहून स्वतःच्या कामाविषयी बोलावे अशी जागा कोठेच नाही. अर्थात यावरून तो अहंकारशून्य साधक होता, असे जे गोड चित्र पाश्चात्त्य पुस्तकांतून रंगवले जाते, तेही खरे मानण्याचे कारण नाही. पंधराव्या शतकातल्या मेन्ला दोंड्रुपचे नाव आजही शैलीच्या नावाला जोडून घेतले जाते. तिबेटी परंपरेला चित्रकारांची नावे, त्यांची वैशिष्ट्ये आणि त्यांची भांडणेही चांगली ठाऊक होती. न बोलणे हा तिथे विनय नव्हता. ती केवळ कामाची वाटणी होती.

ही वाटणी तिबेटी भाषेनेच सांगून ठेवली आहे. मूर्ती किंवा चित्र म्हणजे ‘कुतेन’, ग्रंथ म्हणजे ‘सुङतेन’, स्तूप म्हणजे ‘थुगतेन’. काया, वाणी आणि चित्त यांचे हे तीन आधार होत. ‘तेन’ या शब्दाला संस्कृतातील ‘आश्रय’, ‘आधार’ हे शब्द जवळचे. चित्र हे कायेचा आधार आहे आणि वाणीचा आधार वेगळा आहे, तो पोथीत आहे. म्हणून चित्रकाराने बोलावे ही अपेक्षाच त्या व्यवस्थेत संभवत नाही. संग्रहालयात मात्र हाच ‘तेन’ काचेआड जातो तेव्हा त्याची ‘वस्तू’ होते, फार तर ‘कलाकृती’ होते. त्याच्या खालच्या पाटीवर कितीही विद्वत्तापूर्ण मजकूर लिहिला, तरी आधार कोणाचा आणि कशासाठी हा प्रश्न त्या पाटीवर मावत नाही. आणि गंमत अशी की ‘कला’ या अर्थी तिबेटीत जो शब्द रूढ आहे, ‘ग्युत्सल’, त्याचा पूर्वपद ‘माया’ या अर्थाचा आहे. चौसष्ट कलांसाठी जो शब्द अनुवादकांनी शेकडो वर्षांपूर्वी योजला तोच आजच्या कलादालनांसाठीही चालतो. मायेचे कौशल्य ते कला. तिबेटी चित्रकार संग्रहालयात इंग्रजीत ‘आर्ट’ म्हणतो तेव्हा ही माया निघून जाते. तिच्या जागी व्यक्तिमत्त्व, अभिव्यक्ती, मौलिकता असा युरोपीय लवाजमा येतो. शब्द बदलला म्हणजे केवळ ध्वनी बदलत नाही. बोलणाऱ्याने कशाचा जबाब द्यायचा तेही बदलते.

हा बदल कसा घडतो ते गोन्कर ग्यात्सो या चित्रकाराच्या एका कामात स्पष्ट दिसते. त्यांचा जन्म १९६१ साली ल्हासात झाला. शिक्षण पेइचिंगमध्ये, आणि तेही चिनी कुंचल्याच्या चित्रपद्धतीचे. १९८५ साली त्यांनी ल्हासात मित्रांसह ‘गोड चहाचे दुकान’ या अर्थाच्या नावाचा चित्रकारांचा गट काढला आणि चहाच्या दुकानातच चित्रे मांडली. १९९२ साली ते धरमशालेस आले. थंका ही आपली परंपरा, पण ती आपल्याला येत नाही, या जाणिवेने ते तेथे ती शिकू लागले. पुढे १९९६ साली लंडन. २००३ साली त्यांनी ‘माझी ओळख’ या अर्थाच्या शीर्षकाची चार छायाचित्रांची मालिका केली. चारही चित्रांत तेच, चित्रफलकासमोर बसलेले. पहिल्यात जुन्या तिबेटी वेषात देवतेचे चित्र रंगवणारा, दुसऱ्यात माओचे, तिसऱ्यात निर्वासिताच्या साध्या खोलीत दलाई लामांचे, चौथ्यात पाश्चात्त्य शहरातील प्रशस्त जागेत एक अमूर्त आकृती. बैठक चारही ठिकाणी जवळजवळ तीच, आणि तिला आधार आहे तो १९३०च्या दशकात एका पाश्चात्त्य प्रवाशाने ल्हासात टिपलेल्या थंका-चित्रकाराच्या छायाचित्राचा.

या मालिकेवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते बहुतेक ‘ओळख’ या शब्दाभोवती फिरते. पण त्या चार छायाचित्रांत एक गोष्ट समान आहे, जिच्याकडे लक्ष जात नाही. चारही जागी चित्रकार कोणीतरी पाहत असल्याच्या भानात बसला आहे. देव, पक्ष, निर्वासित समाज आणि कलाबाजार हे चार आश्रयदाते त्याच्याकडून चार वेगळी चित्रे मागतात. पहिल्या तिघांना त्याच्याकडून चित्र हवे होते. चौथ्याला चित्र तर हवेच, शिवाय त्यावरचे भाषणही हवे आहे. ती मालिकाच एक भाषण आहे आणि ते अत्यंत हजरजबाबी आहे. तिबेटी चित्रकाराला संग्रहालय जो प्रश्न विचारणार हे त्याला ठाऊक होते, त्याचे उत्तर त्याने आधीच तयार करून भिंतीवर लावले.

तो प्रश्न कोणता, हे शोधायला दूर जावे लागत नाही. न्यूयॉर्कच्या रूबिन संग्रहालयात २०१० साली तिबेटी चित्रकारांच्या समकालीन कामाचे प्रदर्शन झाले. परंपरेचे रूपांतर हेच त्याच्या शीर्षकाचे सूत्र होते. गोन्कर ग्यात्सो, तेनझिंग रिग्दोल, त्शेरिन शेर्पा, पेम्बा वांग्दू, देद्रोन आदी नऊ कलावंत त्यात होते. कोणी ल्हासात राहणारे, कोणी नेपाळात वाढलेले, कोणी युरोपात. हिमालयीन कलेला वाहिलेल्या त्या संग्रहालयाने समकालीनांसाठी दार उघडले ही मोठी गोष्ट होती. (त्या संग्रहालयाची न्यूयॉर्कमधील इमारत ऑक्टोबर २०२४मध्ये बंद झाली. म्हणजे तेही आता एका अर्थी स्थलांतरितच झाले.) परंतु अशा प्रदर्शनांभोवतीचे संभाषण ऐकताना, वाचताना एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवते. फ्रेंच किंवा मराठी चित्रकाराला रेषेविषयी, रंगाविषयी, एखाद्या फसलेल्या प्रयोगाविषयी विचारले जाते. तिबेटी चित्रकाराला तिबेटविषयी विचारले जाते. परंपरा मोडताना काय वाटले, देश गमावल्याचे दुःख चित्रात कोठे आहे, बुद्धाच्या आकृतीवर चित्रविचित्र कागद चिकटवणे पाखंड नव्हे काय? प्रश्न अयोग्य नाहीत. पण त्यांत चित्रकार साक्षीदार होतो, कारागीर राहत नाही. आणि साक्ष नेहमी न्यायालयाच्या भाषेत द्यावी लागते.

याच्या उलट एक प्रसंग धरमशालेत घडला. तेनझिंग रिग्दोल यांचा जन्म १९८२ साली काठमांडूत झाला. वाळूची मंडले, लोण्याची शिल्पे, गालिचा अशा अनेक वाटांनी ते गेले, अमेरिकेत चित्रकला शिकले, आणि इंग्रजीत कविताही लिहितात. त्यांचे वडील निर्वासित म्हणून परदेशी वारले, मायभूमी पुन्हा पाहण्याची त्यांची इच्छा राहून गेली. ऑक्टोबर २०११मध्ये रिग्दोल यांनी तिबेटातील शिगात्सेहून सुमारे २० हजार किलो माती नेपाळमार्गे धरमशालेत आणली आणि तिबेटी मुलांच्या शाळेच्या मैदानात तिचे व्यासपीठ केले. लोक आले, अनवाणी चालले, काही पालथे पडले, काहींनी चिमूटभर माती तोंडात घातली. मातीवर एक ध्वनिक्षेपक ठेवलेला होता. ज्याला जे वाटेल ते त्याने बोलावे. प्रदर्शन संपल्यावर लोकांनी माती घरोघर नेली. या कामात कलावंताने आपल्या कामाविषयी बोलण्याची जागा स्वतः रिकामी ठेवली आणि ती प्रेक्षकांना दिली. बोलणे झाले ते तिबेटीत. त्या बोलण्याला दुभाष्याची गरज नव्हती, पाटीचीही नव्हती. सीमा ओलांडून माती आणण्याच्या खटाटोपावर २०१३ साली माहितीपट निघाला म्हणून जगाला ते कळले. पण तेथे जे बोलले गेले त्याला भारतातील एखाद्या साहित्यपत्रिकेने पाठ म्हणून हात घातल्याचे दिसत नाही. तेच रिग्दोल २०२४ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मंडलांच्या प्रदर्शनासाठी केलेल्या प्रचंड कामाविषयी बोलतात, तेव्हा त्यांचे इंग्रजी शब्द काही तासांत जगभर पोचतात. दोन्ही बोलणी महत्त्वाची आहेत. पण एकच जतन होते.

येथे एक जुना आक्षेप आडवा येईल. चित्राने स्वतः बोलावे, चित्रकाराने गप्प राहावे, बोलावे लागले म्हणजे चित्र उणे पडले. मराठी रसिकांत हे मत अजून आदराने उच्चारले जाते. पण भारतीय आणि तिबेटी या दोन्ही परंपरांचा इतिहास त्याला साक्ष देत नाही. बाणाच्या ‘हर्षचरिता’त बाजारात यमपट उघडून पोरांपुढे परलोकाचे वर्णन करणारा यमपट्टिक आहे. ‘मुद्राराक्षसा’तला हेर यमपट घेऊनच घरोघर शिरतो. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त चित्रकथक आहे. आणि तिबेटात ‘लामा मणी’ नावाचे फिरते कथेकरी थंका टांगून, काठीने एकेक प्रसंग दाखवत, सत्पुरुषांची आणि मरून परत आलेल्यांची चरित्रे गात सांगत. म्हणजे मठातला थंका मुका आणि बाजारातला थंका बोलका, असे दोन्ही प्रकार एकाच समाजात नांदत होते. चित्र आणि वाणी यांची फारकत ही कोणाची सनातन परंपरा नव्हे. ती पांढऱ्या भिंतीच्या कलादालनाबरोबर आलेली रीत आहे, आणि चित्रकाराला सभागृहात बोलावणे ही त्या फारकतीवर केलेली उशिराची मलमपट्टी आहे.

मराठीत याचे ठळक उदाहरण पिंगुळीचे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. पोथी म्हणजे चित्रांची गठडी. एकेक पान पुढे धरायचे आणि त्या पानावरचा रामायण-महाभारताचा प्रसंग गायचा, बोलायचा. पान बदलते तशी चाल बदलते. परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या गुरांच्या गोठ्यात ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभे केले, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या गोठ्यात चित्रकार आपल्या कामाविषयी संग्रहालयात बोलतो, असे शब्दशः म्हणता येईल. पण त्या बोलण्याचे दोन थर आहेत. पोथी उघडून कथा लावतात तेव्हा ते बोलणे चित्राचाच भाग असते. पर्यटकाला ही कला किती जुनी, रंग कसले, राजाश्रय कोणाचा, हे सांगतात तेव्हा ते चित्राविषयीचे बोलणे होते. पहिले कोकणी वळणाच्या मराठीतले, पिढ्यांनी घासून गुळगुळीत झालेले. दुसरे प्रमाण मराठी, हिंदी किंवा इंग्रजी यांच्या आसपासचे, नव्याने जुळवलेले. संग्रहालयाला जगवते ते दुसरे बोलणे, आणि त्यासाठीच पहिले शिल्लक राहते. हा व्यवहार हलका लेखण्याजोगा नाही. पण दुसरे बोलणे मुख्य होऊन पहिले त्याचे प्रात्यक्षिक बनले, तर परंपरा उलटी टांगली गेली असे म्हणावे लागेल. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथींची चित्रे आहेत, उत्तम जपलेली आहेत, आणि त्यांना आवाज नाही. पिंगुळीच्या गोठ्यातील संग्रह विद्वत्तेच्या मोजमापाने लहान असेल. पण कोणते संग्रहालय अधिक पूर्ण, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

नागर चित्रकारांत मराठीला एक अपवादात्मक माणूस लाभला. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांनी १९९० साली ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मराठीत लिहिले. सर ज. जी. कलाशाळेतून बाहेर पडलेल्या आणि मुंबईच्या इंग्रजी बोलणाऱ्या कलाजगतात वावरणाऱ्या चित्रकाराने आकार, अवकाश, वस्तू, रिक्तता यांचा विचार मराठीत मांडायचे ठरवले, तेव्हा त्याला शब्दही घडवावे लागले. त्या पुस्तकाचा मोठेपणा निष्कर्षांत कमी आणि या घडवण्यात अधिक आहे. तेथे ‘अवकाश’ हा शब्द इंग्रजी शब्दाचा पर्याय म्हणून येत नाही, तो आपले संस्कृत आणि मराठी अर्थ घेऊन येतो आणि विचाराला त्या दिशेने ओढतो. चित्रकाराने स्वभाषेत बोलण्याचा लाभ हाच. (तिबेटीत ‘कोरा’ म्हणजे प्रदक्षिणा. मुंबई विद्यापीठात शिकलेले तिबेटी कवी तेनझिन त्सुन्द्यू यांच्या एका इंग्रजी पुस्तकाचे ते नाव आहे. दोन भाषांत एकच ध्वनी, एकीकडे रिते पृष्ठ आणि दुसरीकडे मध्याभोवतीची फेरी. योगायोगापलीकडे त्यात काही नाही, पण बरवे असते तर त्यांना तो आवडला असता.) याच बरव्यांच्या चित्रांचे प्रदर्शन फेब्रुवारी २०१९मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात उघडले, तेव्हा अमोल पालेकर यांनी त्या संस्थेच्या स्थानिक सल्लागार समित्या रद्द झाल्याचा विषय काढला, आणि त्यांना मध्येच थांबवून बरव्यांविषयीच बोलण्यास सांगण्यात आले. कलाविषयक भाषणाच्या मर्यादा संग्रहालय आखते, हे त्या दिवशी उघड्यावर दिसले इतकेच. भाषेची मर्यादा मात्र रोज आखली जाते आणि ती कोणाला दिसत नाही, कारण ती आखण्यासाठी कोणाला मध्ये थांबवावे लागत नाही.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकांचा या साऱ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. तिबेटीशी त्यांचा संबंध जुना आहे, पण तो एका विशिष्ट प्रकारचा आहे. संस्कृतात हरवलेले तिबेटीत सापडते, म्हणून तिबेटी वाचायची. राहुल सांकृत्यायनांनी १९२९ ते १९३८ या काळात चार वेळा तिबेट गाठून तालपत्रे शोधली. त्यांतील वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशकारिकां’चे संपादन फर्ग्युसन महाविद्यालयातील वा. वि. गोखले यांनी १९४६ साली प्रसिद्ध केले. चित्रकलेच्या बाबतीत तर नग्नजिताच्या नावावरचे ‘चित्रलक्षण’ मूळ संस्कृतात नाहीसे झाले आणि तिबेटी तंग्यूर संग्रहात अनुवादरूपाने राहिले. बेर्टोल्ट लाउफर यांनी १९१३ साली ते जर्मनमध्ये आणले आणि १९७६ साली ते इंग्रजीत आले. भारतीय चित्रशास्त्राचा एक प्राचीन ग्रंथ भारतीयांना जर्मनमार्गे परत मिळाला. हे सारे काम थोर आहे, त्यात शंका नाही. परंतु त्यामागची दृष्टी तिबेटीला तिजोरी मानणारी आहे. आपले दागिने तेथे ठेवलेले आहेत, ते काढून आणायचे. तिजोरीला स्वतःचे काही म्हणणे असते, हे कोणी ध्यानात घेत नाही. संग्रहालय तिबेटी चित्रकाराला देशाचा साक्षीदार मानते, पंडित तिबेटी भाषेला संस्कृतची राखणदार मानतो. दोघांनाही तिच्याकडून दुसऱ्याच कोणाविषयी ऐकायचे असते.

आणि ही भाषा आता ल्हासाइतकीच पिरियापट्टण तालुक्यात बोलली जाते. साठ वर्षांहून अधिक काळ ती या भूमीत लिहिली, छापली, शिकवली जात आहे. सारनाथला १९६७पासून तिबेटी विद्येची उच्च शिक्षणसंस्था आहे. महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावला १९७२पासून तिबेटी वसाहत आहे, हे कित्येक मराठी अभ्यासकांना ठाऊक नसते. साहित्य अकादमीच्या मान्य २४ भाषांत तिबेटी नाही. लडाख, सिक्कीम, अरुणाचल येथून भोटीला आठव्या अनुसूचीत घेण्याची मागणी होत असते, तीत बैलकुप्प्याच्या तिबेटीचा समावेश होतो की नाही हेही धड स्पष्ट नाही, कारण एक नागरिकांची भाषा आणि दुसरी निर्वासितांची. नकाशा राजकारणाचा आहे, तो तसाच राहील. पण साहित्याच्या अभ्यासाने तोच नकाशा डोळे मिटून का वापरावा? म्हैसूरला १९६९पासून भारतीय भाषांची केंद्रीय संस्था आहे. ती आणि नामड्रोलिंगची चित्रशाळा यांच्यात मोटारीने दोन तासांचे अंतर आहे.

यावर एक प्रत्युत्तर संभवते आणि ते गंभीर आहे. कलावंताने कोणत्या भाषेत बोलावे हे ठरवणारे अभ्यासक कोण? गोन्कर ग्यात्सो चिनी माध्यमात शिकले, लंडनमध्ये चित्रकार म्हणून घडले. रिग्दोल इंग्रजीत कविता करतात, ती कोणी लादलेली नाही. त्यांना ‘मातृभाषेत बोला’ म्हणणे म्हणजे पुन्हा तिबेटी वेषात छायाचित्राला बसवण्यासारखेच आहे. हा मुद्दा मान्य करावाच लागेल. इंग्रजीत बोलणाऱ्या तिबेटी कलावंताने खोटे बोलले असे म्हणण्याचा कोणालाही अधिकार नाही. पण त्यामुळे दुसऱ्या बाजूची रिकामी जागा भरत नाही. जे तिबेटीत बोलतात, चित्रशाळेत शिष्याची रेषा सुधारताना बोलतात, सोने घोटताना बोलतात, एखाद्या मापाबद्दल वाद घालतात, त्यांना कोणत्याही संग्रहालयाचे सभागृह मिळत नाही, आणि मिळाले तरी शेजारी दुभाषा बसवून, ‘परंपरागत कारागीर’ या सदराखाली. कलावंत बोलतो आणि कारागीर करून दाखवतो, ही संग्रहालयांची अलिखित विभागणी आहे. आपल्याकडे चित्रकथीला मंचावर आणि चित्रकाराला परिसंवादात बसवणारेही तीच पाळतात.

म्हणून प्रथम करावयाचे काम फार साधे आहे. त्या चित्रशाळांतील बोलणे त्याच भाषेत टिपून घेणे आणि तेथून थेट मराठी, कन्नड, हिंदी यांत आणणे, मध्ये इंग्रजीचा टप्पा न घेता. हे अवघड नाही असे नव्हे. तिबेटी जाणणारे मराठी अभ्यासक बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांतले बहुतेक ग्रंथांच्या तिबेटीत मुरलेले. बोलीची तिबेटी त्यांना परकी वाटेल. पण ज्या संज्ञांसाठी मराठी चित्रकार शंभर वर्षे चाचपडत आला, त्यांतल्या कित्येक त्या बोलण्यात तयार असतील. पडछायेसाठी एक शब्द आणि तेजासाठी दुसरा, की दोहोंसाठी एकच? ‘थिग’ला ‘रेषाजाल’ पुरेल की ‘सूत्र’ अधिक जवळचे? ‘चित्रलक्षणा’च्या तिबेटी पाठातला एखादा शब्द बैलकुप्प्याच्या चित्रकाराच्या तोंडी आजही त्याच अर्थाने आहे काय? शेवटचा प्रश्न तर पाठसंपादकांनाही टाळता येणार नाही, कारण लाउफर यांच्यासमोर पोथी होती, चित्रकार नव्हता.

वेळ मात्र फार उरलेली नाही. दक्षिणेतील वसाहतींमधून तरुण पिढी युरोप-अमेरिकेकडे निघून जात आहे, शाळांतील मुलांची संख्या घटत आहे. मठांत नवे भिक्षू येतात ते पुष्कळदा नेपाळ, भूतान, लडाख, अरुणाचल या प्रदेशांतून, निरनिराळ्या बोली घेऊन. चित्रशाळेत बोलली जाणारी तिबेटी त्यामुळे बदलत आहे. तिच्यात कन्नड, हिंदी, नेपाळी शब्द मिसळत आहेत, आणि तोही टिपण्याजोगा विषय आहे. धरमशालेत २०२२ साली नव्या वास्तूत उघडलेल्या तिबेट संग्रहालयात निर्वासनाचा इतिहास मांडलेला आहे. बैलकुप्प्याच्या मंदिरात भिंती रंगवलेल्या आहेत. त्या कोणी रंगवल्या, काय बोलत रंगवल्या, हे सांगू शकणारी माणसे अजून तेथे आहेत.